क्लेअरचा कायदा : माहिती कोणाला, जबाबदारी कोणाची?

मँचेस्टरला लागूनच सॅल्फर्ड नावाचे जुने गिरण्यांचे शहर आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये तेथे क्लेअर वुड या ३६ वर्षांच्या स्त्रीचा तिच्या राहत्या घरी गळा आवळून खून झाला आणि मृतदेह पेटवून देण्यात आला. खून करणारा जॉर्ज ॲपलटन हा तिचा पूर्वीचा मित्र. दोघांची ओळख 'फेसबुक'वर झाली होती, आणि खुनापूर्वी काही महिने क्लेअरने ते संबंध तोडले होते. काही दिवसांनी ॲपलटन एका ओसाड मद्यगृहात गळफास घेतलेल्या स्थितीत आढळला. आरोपीच न उरल्याने खटला चालला नाही. जे काही बाहेर आले ते चौकशीतून आले, आणि त्यातली मुख्य गोष्ट ही की, पूर्वीच्या स्त्रियांना त्रास देणे, धमकावणे, एकीला सुऱ्याच्या धाकाने पळवून नेणे अशा गुन्ह्यांची या माणसाच्या नावावर नोंद होती आणि त्यासाठी तो तुरुंगातही जाऊन आला होता. क्लेअरला याची पुरती कल्पना असती तर ती केव्हाच बाजूला झाली असती, असे तिचे वडील मायकेल ब्राऊन यांचे म्हणणे होते. स्वतः तुरुंग खात्यात नोकरी केलेल्या या गृहस्थांनी मुलीच्या मृत्यूनंतर एकच प्रश्न लावून धरला : जी माहिती सरकारच्या दप्तरात होती, ती माझ्या मुलीला का मिळू नये?

हा प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर देणे कोणत्याही सरकारला अवघड होते. २०११ साली मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने अशी माहिती स्त्रियांना देण्याचा विचार व्हावा, अशी शिफारस केली. सॅल्फर्डच्या खासदार हेझल ब्लिअर्स यांनी पार्लमेंटमध्ये पाठपुरावा केला. तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी लोकमत मागवले आणि २०१२ मध्ये ग्रेटर मँचेस्टर, नॉटिंगहॅमशायर, विल्टशायर आणि वेल्समधील ग्वेंट या चार पोलीस विभागांत प्रयोग सुरू झाला. ८ मार्च २०१४ रोजी, जागतिक महिला दिनाचा मुहूर्त साधून, ही योजना संपूर्ण इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू झाली. स्कॉटलंडने २०१५ मध्ये आणि उत्तर आयर्लंडने २०१८ मध्ये तिचे अनुकरण केले. तिचे सरकारी नाव लांबलचक आहे. लोक मात्र तिला 'क्लेअरचा कायदा' म्हणतात. अशी नावे देण्याची रीत तेथे नवी नव्हती. २००० साली खून झालेल्या सारा पेन या बालिकेच्या नावाने, मुलांवर अत्याचार करणाऱ्यांची माहिती पालकांना देणारी योजना त्याआधीच अमलात आली होती.

या योजनेला दोन दरवाजे आहेत. पहिल्याला 'विचारण्याचा अधिकार' म्हणतात. आपल्या पतीचा, प्रियकराचा किंवा पूर्वीच्या जोडीदाराचा काही हिंसक पूर्वेतिहास आहे काय, असे कोणीही स्त्री वा पुरुष पोलिसांना विचारू शकतो. मुलीसाठी आई, बहिणीसाठी भाऊ, शेजारणीसाठी शेजारीण यांनाही विचारता येते. मात्र विचारणाऱ्यालाच उत्तर मिळेल असे नाही. ज्या व्यक्तीला धोका आहे तिला, किंवा तिचे रक्षण करण्यास जो सर्वांत योग्य त्याला ते दिले जाते. आईने विचारावे आणि उत्तर मुलीच्या कानी पडावे, असा प्रकार यात नेहमीचा आहे. दुसरा दरवाजा 'जाणण्याचा अधिकार' या नावाने ओळखला जातो. त्यात कोणी विचारलेलेच नसते. एखाद्या तपासाच्या ओघात पोलिसांच्या लक्षात येते की, अमुक हिंसक माणूस आता तमुक स्त्रीबरोबर राहतो आहे, आणि ते आपण होऊन तिच्याकडे जातात.

विचारणाऱ्याला ठाण्यात जाऊन, दूरध्वनीवर किंवा संगणकाद्वारे अर्ज करता येतो. नंतर समक्ष भेट होते आणि ओळखीचा पुरावा पाहिला जातो. हिंसक पुरुषच बनावट नावाने आपल्याविषयी काय नोंदले आहे याचा कानोसा घेत नाही ना, हे पाहण्यासाठी हा खटाटोप असतो. पोलीस मग समाजकल्याण, तुरुंग, परिवीक्षा अशा खात्यांशी बोलतात आणि माहिती द्यावयाची की नाही ते ठरवतात. २०२३ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेनुसार हे सारे २८ दिवसांत उरकावयाचे असते. धोका निकट असेल तर थांबण्याचे कारण नाही. माहिती तोंडी सांगितली जाते. लेखी कागद हाती दिला जात नाही, आणि ती इतरत्र न फोडण्याच्या हमीवर ऐकणाऱ्याची सही घेतली जाते.

नावात 'कायदा' असला तरी २०१४ साली पार्लमेंटने कोणताही नवा कायदा केला नव्हता, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. गुन्हा टाळण्यासाठी आवश्यक तेवढी माहिती उघड करण्याचा अधिकार तेथील पोलिसांना रूढ कायद्याने पूर्वीपासूनच होता. योजनेने त्याला पद्धत घालून दिली. पुढे २०२१ च्या कौटुंबिक छळविषयक अधिनियमाने मार्गदर्शिकेला वैधानिक पाया दिला, आणि पोलिसांना तिची दखल घेणे बंधनकारक झाले. दुसऱ्या बाजूला, शिक्षा भोगून बाहेर पडलेल्या माणसालाही खाजगी आयुष्याचा हक्क आहे, हे तेथील मानवी हक्कांचा कायदा सांगतो. म्हणून माहिती देणे आवश्यक आहे काय, आणि धोक्याच्या प्रमाणात ती दिली जात आहे काय, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. कॅनडात तर यावरून विलक्षण पेच उभा राहिला. सस्कॅचेवान प्रांताने २०२० मध्ये असाच कायदा अमलात आणला, आणि प्रांताच्या मोठ्या भागात बंदोबस्त पाहणाऱ्या संघराज्याच्या पोलिसांनीच केंद्रीय गोपनीयता कायद्याकडे बोट दाखवून माहिती देण्यास असमर्थता प्रकट केली. केंद्राने नियम बदलल्यानंतर, २०२१ मध्ये, ती गाठ सुटली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ब्राऊन यांच्या प्रश्नात ओळखीची आकृती दिसेल. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये स्टिग्लिट्झ व स्पेन्स यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या निबंधाचा गाभा असा की, विकणाऱ्याला मोटारीचे दोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात, तेथे बाजार बिघडतो. यावर बाजारानेच काही उपाय शोधून काढले आहेत. विक्रेता हमी देतो, पेढी आपले नाव जपते, गिऱ्हाईक एकदा फसले तर पुन्हा येत नाही. परंतु स्त्री-पुरुष संबंधांत यांतले काहीच लागू पडत नाही. हमी कोण देणार? पुन्हा न येण्याची सोय एकदा संसार थाटल्यावर फारच महाग पडते. राहता राहिला तो लौकिक. माणूस जन्मला त्याच गावात मरत होता तोवर लौकिकाला अर्थ होता. पुरुषाने गाव बदलले, नोकरी बदलली, संगणकाच्या पडद्यावर नवी ओळख करून घेतली की लौकिक मागे राहतो. गाव बदलले तरी पुसली जात नाही अशी स्मरणशक्ती औद्योगिक समाजात एका संस्थेपाशी उरते, आणि ती म्हणजे पोलिसांचे दप्तर. ती स्मृती स्त्रीच्या सेवेला लावावी हा या योजनेमागचा विचार आहे आणि तो तर्कशुद्ध आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात 'स्थळाची चौकशी' आठवली तर नवल नाही. मुलाचा पगार, घर, शेतीचे उतारे, धाकट्या बहिणींची लग्ने, पत्रिका यांची चौकशी करण्यात मुलीकडची मंडळी कसूर करीत नाहीत. मामा त्या गावी जाऊन येतात, कचेरीत ओळखीचा कोणी निघतो का ते पाहिले जाते. परंतु मुलाची पहिली बायको माहेरी का निघून गेली, या प्रश्नाला 'पटले नाही' या दोन शब्दांपलीकडे उत्तर मिळत नाही. शेजाऱ्यांना भिंतीपलीकडचे सारे ऐकू आलेले असते. पण ठरत आलेले लग्न मोडण्याचे पाप आपल्या माथी कशाला, म्हणून तेही गप्प बसतात. खोली भाड्याने द्यावयाची तर मोठ्या शहरांतला घरमालक भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात नेऊन देतो. मुलगी द्यावयाची तर मध्यस्थाच्या शब्दावर काम भागते. तेव्हा इंग्लंडप्रमाणे येथेही ही सोय असावी, असे एखाद्या पित्याला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही.

तथापि, दप्तराच्या स्मृतीला एक मोठी मर्यादा आहे. जे कोणी येऊन सांगितले तेच दप्तरात असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित, विधवा वा विभक्त स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून केव्हा ना केव्हा हिंसा सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के होते. आता त्याच पाहणीतला दुसरा आकडा पाहावा. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली होती, आणि ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नव्हतीच, पण कोणापाशी अवाक्षरही काढले नव्हते. मदत मागणाऱ्यांतही बहुतेकींनी माहेरचे दार गाठले. पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या अगदी थोड्या. इंग्लंडमध्ये तक्रारींचे प्रमाण अर्थातच निराळे आहे, परंतु पुष्कळसा छळ पोलिसांपर्यंत पोचत नाही ही तक्रार तेथेही जुनीच आहे.

यातून निर्माण होणारा धोका सूक्ष्म आहे. पोलिसांकडे विचारणा केली आणि 'सांगण्याजोगे काही नाही' असे उत्तर आले, तर ते उत्तर चारित्र्याच्या दाखल्यासारखे ऐकू येते. पूर्वीच्या तीन स्त्रिया मुकाट राहिल्या असतील तर माणूस कागदोपत्री निष्कलंकच असणार. इंग्लंडच्या मार्गदर्शिकेने हे ओळखले आहे. माहिती नाही याचा अर्थ धोका नाही असा नव्हे, हे अर्जदाराला स्पष्ट सांगावे असे तीत म्हटले आहे. पण ज्याच्याविषयी शंका बाळगल्याची आधीच अपराधी भावना मनात आहे, त्याच्याबद्दल हे उत्तर घेऊन परतणारी स्त्री त्यातला कोणता अर्धा भाग लक्षात ठेवील? शिवाय एका पोलीस विभागात अर्जदारांना जितक्या सढळपणे माहिती मिळते तितकी दुसऱ्यात मिळत नाही. विभागाविभागांत फार मोठी तफावत आहे. एकच योजना, एकच मार्गदर्शिका, आणि तरी स्त्री कोणत्या परगण्यात राहते यावर उत्तर अवलंबून, हे शासनव्यवहाराच्या कोणत्याही अभ्यासकाला अस्वस्थ करील.

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे, आणि ती क्लेअर वुडच्याच बाबतीतली आहे. मृत्यूपूर्वीच्या महिन्यांत ती स्वतः ग्रेटर मँचेस्टर पोलिसांकडे अनेकदा गेली होती. मालमत्तेची नासधूस, पाठलाग आणि छळ, जिवे मारण्याच्या धमक्या, लैंगिक हल्ला अशा तिच्या तक्रारी होत्या. तिच्या घरात धोक्याची घंटासुद्धा बसविण्यात आली होती. म्हणजे एका टेबलावर ॲपलटनचा इतिहास होता आणि दुसऱ्या टेबलावर क्लेअरची तक्रार. दोन्ही कागद एकाच पोलीस दलाकडे होते. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाने २०१० साली आपला अहवाल दिला. त्यात व्यक्तिगत चुका झाल्याचे आणि खुद्द पद्धतीतच दोष असल्याचे नमूद आहे.

तेव्हा या प्रकरणात माहिती नव्हती कोणाला? क्लेअरला ती पुरती नव्हती हे खरे. पण २००९ च्या जानेवारीत तिला ॲपलटनचा स्वभाव कळून चुकला होता. तो कळला म्हणूनच तिने संबंध तोडले आणि ठाण्याचे उंबरठे झिजविले. त्या घटकेला तिला हवे होते ते संरक्षण. ज्यांच्याकडे माहिती होती त्यांनी तिचा उपयोग केला नाही, आणि या अपयशावर काढलेला उपाय असा की, यापुढे ती माहिती स्त्रीला द्यावी. यात एक विचित्र उलटापालट आहे. राज्यसंस्थेकडे असलेल्या ज्ञानाबरोबर राज्यसंस्थेचे कर्तव्यही अलगद स्त्रीच्या पदरात पडते. 'रेफ्यूज' या आश्रयगृहे चालविणाऱ्या जुन्या संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुख सँड्रा हॉर्ली यांनी योजनेला विरोध केला तो याच भूमिकेवरून. त्यांचा आग्रह होता की, पोलिसांनी आधी नेहमीचे काम नीट करावे, तक्रार आल्यावर धावून जावे आणि गुन्हा नोंदवावा. बापाच्या दुःखावर उभ्या राहिलेल्या मागणीला असा विरोध करणे लोकप्रिय नव्हते. परंतु त्या विरोधातील तर्क आजवर कोणी खोडून काढलेला नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या विधी सुधारणा आयोगानेही सर्व बाजू तपासून २०१७ मध्ये ही योजना स्वीकारू नये असाच सल्ला दिला.

माहिती मिळाल्यावर पुढे काय, हा प्रश्न मुळात अर्थशास्त्राचा आहे. ॲकरलॉफ यांच्या बाजारात गिऱ्हाइकाला मोटारीचा दोष कळला की ते निघून जाते, आणि निघून जाण्याला काही खर्च येत नाही असे गृहीत धरलेले असते. घरातून निघून जाण्याला खर्च येतो. त्यासाठी दुसरे छप्पर लागते, मुलांची शाळा बदलावी लागते, अनामत रक्कम भरावी लागते, आणि कधी कधी नोकरीही सोडावी लागते. अमर्त्य सेन यांनी कुटुंबाचे वर्णन सहकार्य आणि संघर्ष यांची एकत्र गुंफण असे केले आहे. त्यांच्या मांडणीत घर मोडल्यास कोणाची स्थिती किती वाईट होईल यावर घरातले बळ ठरते. या मांडणीला केरळातून भक्कम पुरावा मिळाला. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील सुमारे ५०० विवाहित, विधवा व विभक्त स्त्रियांची पाहणी करून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या नावावर जमीनही नव्हती आणि घरही नव्हते अशा स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांना दीर्घकाळ मारहाण सोसावी लागली होती. केवळ जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, केवळ घर असलेल्यांत १० टक्के आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के होते. केरळातील स्त्री शिकलेली आहे आणि तिला कोणी माहितीपासून वंचित ठेवलेले नाही. आकड्यांतला फरक पडला तो घराच्या मालकीने.

इंग्लंडने हे अगदीच दुर्लक्षिले असे मात्र म्हणता येणार नाही. २०२१ च्या अधिनियमाने छळापायी बेघर झालेल्या व्यक्तीला घर देताना अग्रक्रम दिला आणि सुरक्षित निवाऱ्यात राहणाऱ्यांना आधार देण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले. पण या व्यवस्थेच्या कडेला एक वर्ग उभा आहे, आणि त्यात भारतातून, अर्थात महाराष्ट्रातूनही, लग्न होऊन गेलेल्या मुली आहेत. पतीच्या आधारावर मिळालेल्या प्रवेशपरवान्यावर 'सरकारी निधीचा लाभ नाही' अशी अट असते. छळामुळे संबंध संपुष्टात आला तर तीन महिन्यांपुरती ही अट शिथिल करून घेता येते आणि त्या अवधीत पुढील वास्तव्याचा अर्ज करावा लागतो. अर्थात अशी सवलत आहे हे तिला ठाऊक असले पाहिजे. पती पारपत्र कपाटात कुलूपबंद करून ठेवतो, शेजारी कोणी बोलत नाही, अशा स्थितीतल्या मुलीला पोलिसांनी तिच्या नवऱ्याचा इतिहास ऐकवला तर तो ऐकून ती कोठे जाणार? तिचे माहेर साताऱ्याला आहे.

मग ही योजना निरुपयोगी म्हणावी काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. संबंध नवा आहे, संसार थाटलेला नाही, मूलबाळ झालेले नाही, अशा वेळी निघून जाण्याचा खर्च सर्वांत कमी असतो, आणि नेमक्या त्याच वेळी माहितीचे मोल सर्वांत अधिक. पहिल्या चार विभागांतील प्रयोगाच्या काळात १११ जणांना माहिती देण्यात आली. त्यांतील काही जणी वेळीच बाजूला झाल्या असतील तर तेवढ्यानेही योजनेचा खर्च फिटला. शिवाय पहिल्या दरवाजापेक्षा दुसरा दरवाजा अधिक मोलाचा आहे असे वाटते. 'विचारण्याचा अधिकार' स्त्रीच्या संशयावर चालतो. ज्या स्त्रीला संशय घ्यावासा वाटत नाही, किंवा ठाण्यात जाण्याची सवड आणि हिंमत नाही, तिला तो असून नसल्यासारखाच. 'जाणण्याचा अधिकार' पोलिसांच्या कर्तव्यावर चालतो. त्यात कागद जुळविण्याचे काम त्यांचे, पत्ता शोधण्याचे काम त्यांचे आणि दार वाजविण्याचेही. सॅल्फर्डमध्ये राहून गेले होते ते नेमके हेच काम. दुर्दैवाने प्रसिद्धी मात्र पहिल्या दरवाजाला अधिक मिळाली, कारण अधिकार जाहीर करण्याला खर्च येत नाही. कर्तव्य पार पाडण्याला माणसे लागतात.

एक भीती स्त्री-संघटनांनी वारंवार बोलून दाखविली आहे, तिचाही उल्लेख केला पाहिजे. माहिती मिळूनही स्त्री त्याच घरात राहिली तर 'तुम्हांला सांगितले होते' असे म्हणण्याची सोय सर्वांना होते. मुलांच्या रक्षणाचा प्रश्न निघाला की तीच आता बेजबाबदार आई ठरू शकते. ज्या माहितीने तिला बळ द्यावयाचे, तीच तिच्याविरुद्ध पुरावा बनते.

आपल्याकडे अशी योजना नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ मध्ये तयार झाली, पण ती तपास यंत्रणांपुरती आहे. न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो, परंतु एकाच नाव-आडनावाची दहा माणसे एका तालुक्यात निघतात. आरोप झालेला आणि शिक्षा झालेला यांतला फरक भावकीच्या भांडणात कोण पाळतो हाही प्रश्न आहेच. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आहे. तेव्हा उद्या कोणी सरसकट नावे जाहीर करण्याची मागणी केली तर ती टिकणार नाही आणि टिकूही नये.

पण येथल्या कायद्यात एक तरतूद पडून आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नवव्या कलमानुसार, तक्रार आली की संरक्षण अधिकाऱ्याने घटनेचा अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावयाचा आणि त्याची प्रत त्या हद्दीतील पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला द्यावयाची असते. म्हणजे ॲपलटनच्या इतिहासासारखा कागद येथेही, निदान कायद्याच्या पुस्तकानुसार, ठाण्यात येऊन पडतो. पुढे तो इसम इचलकरंजीहून भोसरीला कामाला येतो, दुसरे लग्न करतो, आणि दोन वर्षांनी ती दुसरी स्त्री भोसरीच्या ठाण्यात येऊन बाकावर बसते. ठाणे अंमलदार तिला 'घरचे भांडण आहे, समजुतीने घ्या' असे सांगत असतो, तेव्हा पहिलीच्या अहवालाची प्रत इचलकरंजीच्या ठाण्यात एखाद्या कपाटात बांधून ठेवलेली असते.